पाहुणे आले, तरी नियम तेच

गणपतीत आत्या पाच दिवस आमच्याकडे राहायला होत्या. तांबू, आमचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा, तेव्हा दीड वर्षाचा होता. आम्ही जेवत असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आपल्या गोधडीवर पडून राहायचं, हे शिकायला त्याला आठ महिने लागले होते. पहिल्याच दुपारी आत्यांनी ताटातला पोळीचा तुकडा हळूच खाली सोडला. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. आत्या सत्तरीच्या, वर्षातून एकदा येणाऱ्या, आणि तुकडा त्यांनी मायेनं दिला होता. पाचव्या दिवशी तांबू नैवेद्याच्या ताटाला नाक लावायला गेला. आत्या गावी परतल्या आणि पुढचे तीन आठवडे आमचं एकही जेवण भुंकण्याशिवाय झालं नाही.

त्या तीन आठवड्यांत घरातला प्रत्येक जण तांबूला रागावला. आत्यांना मात्र कोणी काही बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. नियम माणसांनी मोडला आणि ओरडा कुत्र्यानं खाल्ला. हे माझ्या मनाला लागलं, आणि तेव्हापासून पाहुणे येण्याच्या आधी, ते असताना आणि ते गेल्यावर काय करायचं हे मी नीट ठरवू लागले.

आपल्याकडे पाहुण्याला, त्यातून वडीलधाऱ्या माणसाला, 'असं करू नका' म्हणणं जड जातं. म्हणून पाहुण्याला अडवत बसण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावं, आणि त्याआधी घर असं मांडून ठेवावं की कुत्र्याला चुकायला फारसा वावच राहू नये. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

एका तुकड्यानं काय बिघडतं?

'एका तुकड्यानं काय होतंय?' असं पाहुणे विचारतात तेव्हा त्यांना खरोखरच तसं वाटत असतं. त्याचं उत्तर आपल्याला नीट माहीत हवं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. खटका दाबला की उघडणाऱ्या पेटीत मांजर ठेवलं, की ते आधी वाट्टेल तशी धडपड करायचं. जी हालचाल केल्यावर दार उघडून बाहेरचं खाणं मिळालं, ती पुढच्या खेपेला लवकर व्हायची. बाकीची धडपड गळून पडायची. ज्या वागण्यातून फायदा होतो ते वागणं टिकतं, हा प्राण्यांच्या शिकण्याचा पाया आहे. पुढे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी मुख्यतः कबुतरांवर काम केलं आणि 1957 मध्ये आपल्या ग्रंथात त्याचा तपशील मांडला. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की प्राणी लवकर प्रयत्न सोडतो. पण अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस मिळत असेल, तर तो फार काळ प्रयत्न करत राहतो.

हे आपल्या अनुभवातलंच आहे. चोवीस तास पाणी असलेला नळ एक दिवस कोरडा निघाला तर आपण दोनदा फिरवून बघतो आणि टँकरची चौकशी करतो. पण ज्या वस्तीत पाणी कधीही येतं आणि कधीही जातं, तिथली माणसं दिवसभर नळाशी खेपा घालतात. घरातल्या चौघांनी कधीच ताटातलं द्यायचं नाही आणि पाहुण्यानं महिन्यातून एकदा द्यायचं, म्हणजे कुत्र्यासाठी आपण तो दुसरा नळ बसवतो. तो खेपा घालत राहतो, आणि आपण त्याला हावरा म्हणतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेहमीचं बक्षीस बंद झालं की वागणं कमी होण्याआधी बऱ्याचदा वाढतं. कोरडा नळ आपण पूर्ण उघडतो, त्यावर थाप मारतो; कुत्रा आधी कुईकुई करतो, मग भुंकतो, मग पायानं खाजवतो. नेमक्या याच वेळी कंटाळून 'घे बाबा एकदाचं' म्हणून घास दिला, तर जोरात भुंकल्यावरच मिळतं हा धडा त्याला मिळतो. तो टिपेला पोचलेला क्षण निभावून नेणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

अंगावर उडी मारण्याचंही तसंच. उडी मारल्यावर पाहुणा हसला, लाड केले, ओरडला किंवा हातानं ढकललं, तरी कुत्र्याच्या दृष्टीनं त्याला हवं होतं ते लक्ष मिळालं. ढकलणारे हात तर बऱ्याच कुत्र्यांना खेळच वाटतात.

आधी घरातल्यांचं एकमत

पाहुण्यांकडे वळण्याआधी घरात बघावं. आई 'बस' म्हणते, मुलगा 'सिट' म्हणतो, बाबा 'खाली बस' म्हणतात, आणि आजोबा कोणी बघत नसताना बिस्किट देतात. अशा घरात पाहुणा वेगळं काही बिघडवत नाही, चालू असलेला गोंधळ पुढे नेतो. सगळ्यांनी बसून एकेका कृतीसाठी एकच शब्द ठरवावा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावावा.

नियमांचे दोन गट करावेत. पहिल्या गटात कोणासाठीही न बदलणारे नियम: अंगावर उडी नाही, ताटातलं नाही, सांगितल्याशिवाय मुख्य दाराबाहेर पाऊल नाही, आणि दातांनी माणसाच्या हाताशी खेळणं नाही. दुसऱ्या गटात सवलतीच्या गोष्टी, जसं सोफ्यावर बसणं किंवा पलंगावर झोपणं. सवलतीच्या गोष्टींवरून पाहुण्याशी वाद घालू नये. पहिला गट चार-पाच नियमांपेक्षा मोठा करू नये, कारण पाहुण्याला चार गोष्टी लक्षात राहतात, चौदा राहत नाहीत.

पाहुणे येण्याआधीची तयारी

सगळ्यात उपयोगी तयारी म्हणजे कुत्र्याला 'जागेवर' हा शब्द शिकवणं. त्यासाठी जुन्या गोधडीचा तुकडा उत्तम. तो धुता येतो, घडी करून गावाला नेता येतो, आणि त्याला घरचा वास असतो. गोधडी पसरा. कुत्र्यानं तिच्यावर पाऊल ठेवलं की लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, 'शाबास' म्हणून खाऊ गोधडीवरच ठेवा. खाऊ हातात देऊ नका. त्याला जागेचं महत्त्व कळायला हवं. मग चारही पाय आल्यावर द्या, मग बसल्यावर, मग पडून राहिल्यावर. त्यानंतर दोन सेकंद, पाच सेकंद, अर्धा मिनिट असा वेळ वाढवत न्या. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरतात. दिवसातून दोन-तीनदा करा. खाऊ रोजच्या जेवणातलाच बाजूला काढा, नाहीतर वजन वाढेल.

हे जमलं की दारावरच्या बेलचा सराव. घरातल्याच कोणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवावी, दार उघडू नये, आणि बेलनंतर कुत्रा गोधडीवर गेला की खाऊ मिळावा. बेल वाजली म्हणजे दाराकडे धावायचं, ही जोडी त्याच्या डोक्यात आधीच पक्की असते. तिच्या जागी बेल वाजली म्हणजे गोधडी, ही जोडी बसवायची आहे. पाहुणे येण्याच्या दिवशी सुरू केलेला सराव उपयोगाचा नाही. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

घराच्या मांडणीत तीन गोष्टी बघाव्यात. स्वयंपाकघराच्या किंवा आतल्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं कमरेइतक्या उंचीचं फाटक लावावं. मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर ते आणि आतलं दार एकाच वेळी उघडं राहणार नाही अशी सवय घरातल्या सगळ्यांनी लावावी. पाहुण्यांकडून होणारी सगळ्यात धोक्याची चूक खाऊ देण्याची नसते, दार उघडं टाकण्याची असते. तिसरं म्हणजे चपलांची जागा. आपल्याकडे पाहुणा दारातच वाकून चपला काढतो आणि त्याचं तोंड नेमकं कुत्र्याच्या उंचीवर येतं. उडीचा पहिला धक्का तिथेच बसतो. चपलांचं कपाट शक्य असेल तर दाराबाहेर ठेवा आणि शेजारी एक स्टूल ठेवा.

पाहुणे येण्याच्या तासभर आधी कुत्र्याला चांगलं फिरवून आणा आणि हुंगू द्या. नुसतं पळवण्यापेक्षा निवांत हुंगत फिरणं त्याला जास्त शांत करतं. आणि आदल्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक छोटा निरोप टाका. आम्ही असा पाठवतो: 'उद्या सगळ्यांची वाट बघतोय. तांबूचं शिक्षण चालू आहे, तुमची मदत हवी. आत आल्यावर तो शांत बसेपर्यंत त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याचा खाऊ दाराजवळच्या डब्यात आहे, तो तुम्हीच द्यायचा आहे. ताटातलं मात्र काही देऊ नका, डॉक्टरांनी मनाई केली आहे.' आणि हा निरोप खोटा ठरू नये म्हणून पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना खरोखरच विचारून घ्या; बहुतेक पशुवैद्य आनंदानं मनाई करतील.

दारातली पाच मिनिटं

पाहुणा आत येतो ती पहिली पाच मिनिटं सांभाळली की पुढचे दोन तास सोपे जातात. दार उघडण्याआधी कुत्र्याला हार्नेस आणि दोरी लावा. दोरी घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात हवी, आणि त्या माणसाकडे त्या वेळी दुसरं काम नको. चहाचं आधण ठेवणारा वेगळा, कुत्रा सांभाळणारा वेगळा.

पाहुण्याला आत आल्यावर तीनच गोष्टी सांगा: बघू नका, बोलू नका, हात लावू नका. तो बसला, कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर टेकले, श्वास जरा संथ झाला, की मग पाहुण्यानं डब्यातला दाणा जमिनीवर टाकायचा. जमिनीवर टाकलेला खाऊ शोधताना कुत्र्याचं डोकं खाली जातं, आणि डोकं खाली असलेला कुत्रा उडी मारत नाही. उडी मारलीच तर पाहुण्यानं पाठ फिरवावी आणि आपण दोरी धरून दोन पावलं मागे न्यावं. ओरडू नका. शांत झाल्यावर पुन्हा संधी द्या. दोन-तीनदा करूनही जमत नसेल तर त्याला आतल्या खोलीत चघळायचं खेळणं देऊन ठेवा आणि वीस मिनिटांनी पुन्हा बाहेर आणा. ही शिक्षा म्हणून करू नये. आत जाताना त्याला खाऊ मिळालाच पाहिजे.

बाल्कनीत बांधून ठेवणं मात्र टाळा. आतल्या माणसांचे आवाज ऐकत, साखळीला हिसके देत घालवलेला एक तास त्याला पाहुण्यांबद्दल चीड आणायला पुरतो. उन्हाळ्यात तर तिथे जिवाला धोका असतो.

पाहुण्याच्या हाताला काम

नियम मोडणारे पाहुणे दुष्ट नसतात. त्यांचे काही प्रकार आहेत आणि प्रत्येकाला द्यायचं काम वेगळं आहे.

पहिले मायाळू. संत नामदेवांची पोळी कुत्र्यानं पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. मुक्या जिवाला घास घालणं हे पुण्य, ही श्रद्धा खरी आहे आणि सुंदर आहे. तिला विरोध करू नये, तिची जागा बदलावी. 'आत्या, तांबूला संध्याकाळी सात वाजता तुम्हीच जेवण वाढा. भांडं इथे आहे. तो बसला की भांडं खाली ठेवायचं.' आत्यांचं घास घालणं राहतं, आणि तांबूला कळतं की खाणं भांड्यातून, बसल्यावर आणि ठरल्या वेळी मिळतं.

दुसरे 'मला चालतं' म्हणणारे. 'उडी मारू दे, मला कुत्री आवडतात!' असं ते मनापासून म्हणतात. त्यांना सांगावं, 'तुम्हाला चालतं हे खरंय. पण तुमची जीन्स आणि शेजारच्या आजींचं नऊवारी यातला फरक त्याला कळत नाही. आजी पडल्या तर हाड मोडेल.' आणि लगेच काम द्यावं: 'तुम्हाला कुत्र्यांचं कळतं, तर त्याला चार पाय जमिनीवर ठेवून भेटायला तुम्हीच शिकवा.' कुत्र्यांची आवड असलेल्या माणसाला हे काम फार भावतं.

तिसरे धाक दाखवणारे. वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारली की कुत्रा सुधारतो, अशी समजूत अजून आहे. इथे मऊपणा चालणार नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगात कुत्र्यांनी खाण्याआधीच्या खुणेशी खाणं जोडलं; तसंच कुत्रा वेदनेच्या आधी जे दिसतं त्याच्याशी वेदना जोडतो. पाहुणा आला की मार बसतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा निरपराध पाहुणा त्याला शत्रू वाटू लागतो. 'काका, त्याला हात मी लावते. तुम्ही फक्त बघा,' एवढं स्पष्ट बोलावं, आणि दोरी आपल्या हातात घ्यावी. याच कारणानं आपणही पाहुण्यांसमोर कुत्र्याला रागावू नये.

चौथे चिडवणारे: खाऊ दाखवून लपवणारे, हाताशी झोंबाझोंबी करणारे. त्यांच्या हातात दोरखंडाचं खेळणं द्या आणि 'सोड' म्हटल्यावर तो सोडतो का ते बघायला सांगा. खेळ चालू राहतो आणि दात हातापासून दूर राहतात.

वडीलधाऱ्यांशी बोलताना चारचौघांत टोकू नये. आधी, बाजूला, विनंतीच्या सुरात सांगावं, आणि नियम आपल्या लहरीचा न वाटता कुत्र्याच्या तब्येतीचा वाटावा. तो असतोही.

ताटातलं नकोच, याची खरी कारणं

सणाच्या ताटात कुत्र्याला घातक अशा बऱ्याच गोष्टी असतात, आणि पाहुण्यांना हे सांगितलं तर ते चटकन ऐकतात. कांदा आणि लसूण कच्चे असोत, शिजवलेले असोत वा मसाल्यात वाटलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास कधीकधी काही दिवसांनी दिसतो. म्हणून रश्शात बुडवलेली पोळी साधी वाटली तरी साधी नसते. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल याचा नेम नाही. शिऱ्यातले, चिवड्यातले, मोदकाच्या सारणातले बेदाणे यात आलेच. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं 2021 पासून मांडलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंचगुळाची आमटीही लांब ठेवावी. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. गडद चॉकलेट जास्त घातक. शुगर-फ्री च्युइंगममधल्या झायलिटॉलनं रक्तातली साखर वेगानं खाली येते. मटणाची शिजवलेली हाडं चिरफळून आतडं फाडू शकतात.

साध्या पदार्थांचाही हिशेब बघा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पुरणपोळी त्याच्या निम्म्याच्या जवळपास जाते. एकाच दिवशी भरपूर तळलेलं-तुपातलं पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊन दवाखान्यात दाखल करावं लागू शकतं. घातक काही खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघू नका. काय, किती आणि कधी खाल्लं हे सांगून पशुवैद्यांना लगेच फोन करा. मीठ पाजून उलटी काढण्याचा घरगुती प्रयोग करू नका.

पाहुण्यांना द्यायला डब्यात काय ठेवावं? रोजच्या कोरड्या खाण्यातले दाणे, काकडीचे तुकडे, उकडलेलं गाजर, बिया काढलेलं सफरचंद. दिवसाचा डबा एकदाच भरावा. संपला की संपला.

मुलं आणि घाबरणारी माणसं

पाहुण्यांची लहान मुलं आणि कुत्रा एका खोलीत असतील तर तिथे एक मोठं माणूस लक्ष देऊन हवंच. टीव्ही बघत 'लक्ष आहे माझं' म्हणणं पुरेसं नाही. मुलांना एक खेळ शिकवावा: कुत्रा जवळ आला की झाड व्हायचं. हात छातीशी, नजर पायांकडे, पळायचं नाही, किंचाळायचं नाही. पळणाऱ्या मुलामागे कुत्रा धावतो आणि झाडाला हुंगून निघून जातो. तो जेवत असताना, झोपला असताना आणि गोधडीवर असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही. गोधडी ही त्याची हक्काची जागा आहे.

कुत्र्याची देहबोलीही मुलांना दाखवा. झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, अंग ताठ होणं, हे सगळं 'मला नको आहे' असं सांगणं आहे. गुरगुरणं हा त्याचा शेवटचा इशारा. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. इशारा द्यायचं सोडून दिलेला कुत्रा थेट चावतो. त्याला बाजूला न्या आणि कशानं ताण आला ते शोधा.

काही माणसांना कुत्र्याची भीती वाटते, काहींना नकोसा वाटतो, काहींना देवघराजवळ चालत नाही. त्यांची समजूत घालत बसू नका. 'काही करत नाही हो तो' हे वाक्य घाबरलेल्या माणसाला धीर देत नाही. कुत्र्याला आत ठेवा. घरकामाला येणाऱ्या ताई, गॅस सिलिंडर घेऊन येणारे दादा, डिलिव्हरी देणारा मुलगा हेही आपल्या दाराशी येणारे लोकच आहेत. ते कामावर असल्यामुळे तक्रार करत नाहीत, पण अंगावर उडी न येणं हा त्यांचाही हक्क आहे. रोज येणाऱ्या ताईंची इच्छा असेल तर त्यांनीही खाऊ जमिनीवर टाकून कुत्र्याशी ओळख वाढवावी. इच्छा नसेल तर त्यांच्या वेळेला फाटक बंद ठेवा.

मुक्कामी पाहुणे आणि सणाचे दिवस

तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याला सांभाळता येतं. आठवडाभर राहणारा पाहुणा घरचाच होतो. त्याला पहिल्या संध्याकाळी पाच मिनिटं बसवून 'जागेवर', 'बस' आणि 'सोड' हे तीन शब्द शिकवा आणि त्याच्याकडून करून घ्या. कुत्रा आपलं ऐकतो याचा माणसाला आनंद होतो, आणि मग तोच इतरांना 'असं नाही, असं' सांगू लागतो. दुसरीकडे, कुत्र्याची फिरण्याची, जेवणाची आणि झोपेची वेळ मोडू देऊ नका. मोठा कुत्रा दिवसातले बारा तास किंवा त्याहून जास्त झोपतो. सणाच्या गर्दीत ती झोप पूर्ण झाली नाही तर शिकलेलं सगळं तो विसरल्यासारखा वागतो.

गणपतीत झांजा, ढोल, फटाके आणि समई यांचाही विचार करावा. आरतीच्या आधी त्याला सगळ्यात शांत खोलीत न्या, पंखा लावा, चघळायला द्या. माणसं सारखी ये-जा करत असतील तेव्हा गळपट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला हवाच.

पाहुणे गेल्यावर

इतकं करूनही काहीतरी निसटतंच. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून जुनी पद्धत न चुकता सुरू करा. जेवणाच्या वेळी भुंकला तर सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष करायचं. गोधडीवर गेला की लगेच खाऊ तिथे नेऊन द्यायचा. सुरुवातीला दर अर्ध्या मिनिटाला द्यावा लागेल, मग दोन मिनिटांनी, मग जेवण संपल्यावर एकदा. जुने टप्पे पुन्हा चढताना पहिल्या वेळेपेक्षा कमी दिवस लागतात. तारीखवार लिहून ठेवा: आज किती वेळा भुंकला, आठवड्यानं किती वेळा. आकडा उतरताना दिसला की घरातल्यांचा धीर टिकतो.

दोन गोष्टींत मात्र स्वतः प्रयोग करत बसू नये. पाहुण्यांना बघून कुत्रा ताठ होत असेल, गुरगुरत असेल किंवा झडप घालत असेल, तर आधी पशुवैद्यांकडून दुखणं नाही ना हे तपासून घ्या, आणि मारहाण न करता शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची मदत घ्या. आणि कोणाला दात लागलाच, तर घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद, तिखट, चुना काहीही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याच्या रेबीज लसीची नोंदवही पाहुणे येतात त्या दिवसांत हाताशी असू द्या.

पुढच्या वर्षी आत्या पुन्हा गणपतीला आल्या. या वेळी दारात मी त्यांच्या हातात डबा दिला आणि संध्याकाळचं भांडं त्यांच्याकडे सोपवलं. पाचही दिवस सातच्या ठोक्याला त्या तांबूला 'बस रे बाळा' म्हणायच्या, तो बसायचा, आणि मग भांडं खाली जायचं. आमच्या जेवणाच्या वेळी तो उंबऱ्याबाहेर गोधडीवर पडून होता. निघताना आत्या म्हणाल्या, 'माझं ऐकतो हो हा!'

जे कुत्रे 'सुधारत नाही' म्हणून बांधले जातात, बाल्कनीत टाकले जातात किंवा दुसऱ्याला देऊन टाकले जातात, त्यांच्यातल्या कित्येकांना आपण माणसांनीच एका हातानं शिकवलेलं असतं आणि दुसऱ्या हातानं पुसलेलं असतं. कुत्र्याला पाहुण्याशी बोलता येत नाही. त्याच्या वतीनं आपल्यालाच बोलावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी बेल वाजेल तेव्हा गप्प बसू नका. दोरी हातात घ्या, डबा पाहुण्याच्या हातात द्या, आणि हसून सांगा, 'या, बसा. आणि याला शिकवायला जरा मदत करा.'